जड टीव्ही टांगताना: वरच्या दोन बोल्टांचा हिशेब

भिंतीवरचा टीव्ही पडतो तेव्हा सहसा सरळ खाली घसरत नाही. आधी ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून सुटते आणि एक-दोन मिलिमीटरची फट दिसू लागते. ती कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस वरचे स्क्रू प्लगसकट, म्हणजे भोकात बसवलेल्या नायलॉनच्या नळीसकट, भुकटी सांडत बाहेर येतात आणि टीव्ही पुढच्या बाजूला तोंडावर आपटतो. खालचे बोल्ट बहुतेक वेळा वाकलेले, पण जागच्या जागी असतात.

यावरून खरं काम कोण करतं ते कळतं. वजन खाली ओढतं, पण तेवढ्याने टीव्ही पडायचा तर बोल्ट आडवे कापले जायला हवेत. ८ मिमीच्या पोलादी बोल्टाला ३०-४० किलोंनी काहीही होत नाही. पण टीव्ही भिंतीपासून जितका पुढे, तितका तो ब्रॅकेटच्या खालच्या कडेवर टेकून वरचे बोल्ट बाहेर उपसायला बघतो. सब्बलीने खिळा उपटावा तसाच हा प्रकार आहे.

आकडे मांडले की जास्त स्पष्ट होतं. समजा टीव्ही ३० किलोचा आहे आणि भिंतीवरच्या प्लेटमध्ये वरच्या व खालच्या बोल्टांत २० सेंमी अंतर आहे. सपाट ब्रॅकेटवर टीव्हीचं वजन भिंतीपासून साधारण ६ सेंमीवर येतं. ३० गुणिले ६ भागिले २०, म्हणजे वरच्या बोल्टांवर मिळून ९ किलोंची ओढ. ही कुठलीही बरी भिंत पेलेल. आता तोच टीव्ही बाहेर खेचता येणाऱ्या, फिरत्या हाताच्या ब्रॅकेटवर लावा आणि ५० सेंमी पुढे ओढा. ३० गुणिले ५० भागिले २०, म्हणजे ७५ किलो. वर दोन बोल्ट असतील तर प्रत्येकी ३८ किलोच्या आसपास, आणि प्लेट अरुंद असून वर एकच बोल्ट असेल तर सगळे ७५ त्या एकट्यावर. त्यात टीव्ही फिरवताना कुणी वरून १० किलोंचा जोर दिला, तर आणखी २५ वाढतात. टीव्ही तोच, भिंतही तीच, फक्त ब्रॅकेट बदलला आणि ओढ आठपट झाली.

ब्रॅकेटच्या खोक्यावर ‘६० किलोपर्यंत’ असं छापलेलं असतं, ते त्याच्या लोखंडाबद्दल असतं. तुमची भिंत कंपनीने पाहिलेली नसते.

म्हणून ब्रॅकेट निवडण्याआधी भिंत ओळखावी. बोटाच्या सांध्याने ठोकून पाहणं ही पहिली पायरी: भरीव भिंत ‘टक’ अशी बसकी वाजते, पार्टिशन डब्यासारखं घुमतं. पण गिलाव्यामुळे फसगत होऊ शकते. खात्री हवी असेल तर टीव्हीमागे झाकलं जाईल अशा ठिकाणी ५ मिमीच्या बिटने एक चाचणीचं भोक पाडावं आणि काय बाहेर येतं ते पाहावं. पहिले १२ ते २० मिमी राखाडी किंवा पांढरी पूड येईल. तो गिलावा, तो हिशेबात धरायचा नाही. त्यानंतर लाल किंवा नारिंगी भुकटी आली तर वीट. बारीक राखाडी पूड आणि ड्रिल जेमतेम पुढे सरकतंय, तर काँक्रीट. बिट लोण्यात सुरी जावी तसं शिरलं आणि पांढरट, भरड रवा पडला, तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलके बुडबुडेवाले ब्लॉक. दोन-तीन सेंमीनंतर ड्रिल एकदम धप्पकन आत गेलं तर पोकळ ब्लॉक. आणि साधारण १२ मिमी खडूसारखी पूड येऊन लगेच पोकळी लागली तर जिप्सम बोर्ड.

फिरत्या हाताचा ब्रॅकेट आणि जड टीव्ही ही जोडी काँक्रीट किंवा चांगल्या भरीव विटेच्या भिंतीवरच लावावी, असं माझं मत आहे. जिप्समच्या पार्टिशनवर, मागे लाकडी उभे खांब नसतील तर, सपाट ब्रॅकेटच घ्यावा, आणि तोही नाइलाज असेल तर.

विटेसाठी नायलॉनचा प्लग आणि त्यात ८ मिमी जाडीचा, षटकोनी माथ्याचा, लाकडात वापरतात तशा आट्यांचा स्क्रू हे पुरेसं असतं. प्लग १० मिमी बाहेरच्या व्यासाचा असेल तर भोकही १० मिमीचंच. लांबीत मात्र बहुतेकांची चूक होते. ब्रॅकेटबरोबर येणारे प्लग ५० मिमीच्या आसपास असतात. गिलावा २० मिमी असेल तर विटेत उरतात फक्त ३०. गिलावा ठिसूळ असतो, प्लग फुगला की तो पोपड्यासारखा सुटतो. म्हणून ८० मिमीचा प्लग घ्यावा, किंवा ५० मिमीचाच असेल तर तो गिलाव्याच्या आत, विटेच्या पातळीपर्यंत ढकलून बसवावा आणि स्क्रू तेवढा लांब घ्यावा. स्क्रूची लांबी म्हणजे प्लेटची जाडी, अधिक वॉशर, अधिक गिलावा (प्लग आत ढकलला असेल तरच), अधिक प्लगची पूर्ण लांबी, अधिक स्क्रूच्या जाडीइतकं टोक. प्लगच्या शेवटापर्यंत स्क्रू पोहोचला नाही तर प्लग पूर्ण फुगतच नाही.

भोक विटेच्या पोटात यावं, दोन विटांमधल्या सांध्यात येऊ नये. सांध्यातला मसाला कमजोर असतो. गिलाव्यामुळे सांधे दिसत नाहीत, पण भुकटीचा रंग लालवरून पुन्हा राखाडी झाला आणि ड्रिल अचानक सैल चाललं, तर सांधा लागला असं समजावं आणि ब्रॅकेटच्या लांबट खाचेचा फायदा घेऊन भोक तीन-चार सेंमी सरकवावं. भिंतीच्या मोकळ्या कडेपासून, खिडकी-दाराच्या चौकटीपासून निदान वीतभर लांब राहावं. फुगणारा प्लग कडेची वीट फोडून बाहेर येतो.

काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट वापरतात आणि तिथे साधं हॅमर ड्रिल रडतं. एसडीएस चकचं, म्हणजे ज्यात खाचांचं बिट खटक्याने बसतं असं, रोटरी हॅमर मशीन हवं. इथे एक सापळा आहे: ‘एम-८’ हे बोल्टाच्या आट्यांचं माप असतं. त्याच्याभोवती फुगणारी नळी असलेल्या अँकरचा बाहेरचा व्यास १० किंवा १२ मिमी असू शकतो. दुसऱ्या जातीत, म्हणजे टोकाशी छोटी चकती फुगणाऱ्या बोल्टात, भोक ८ मिमीचंच लागतं. पाकिटावर भोकाचं माप वेगळं लिहिलेलं असतं, तेच धरावं. आत सळई लागली तर बिट किंचाळतं आणि पुढे जायचं थांबतं. तिथे जोर लावू नये. बिटही जातं आणि सळईही कापली जाते. नवं भोक सोडून दिलेल्या भोकाच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर घ्यावं आणि जुनं न आकसणाऱ्या मसाल्याने भरून टाकावं.

एएसी ब्लॉकच्या भिंती सर्वांत जास्त फसवतात, कारण बाहेरून त्या भरीव दिसतात आणि वाजतातही ठीक. दोन गोष्टी पाळाव्यात. हॅमर बंद ठेवून फक्त फिरवून भोक पाडावं, नाहीतर आतला भाग ठोक्यांनी भुसभुशीत होऊन १० मिमीचं भोक १३ चं होतं. आणि नेहमीचा फुगणारा प्लग किंवा अँकर बोल्ट वापरू नये. तो आवळला की ब्लॉकला चिरडत जातो, हाताला घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि आठवड्यात सैल होतो. या ब्लॉकसाठी वेगळे, बाहेरून मळसूत्रासारखे पंख असलेले लांब प्लग मिळतात, ते किंवा रासायनिक अँकर वापरावा. भिंतीची दुसरी बाजू मोकळी असेल तर आरपार बोल्ट घालून मागे १० सेंमी चौरस पट्टी आणि नट, हा उपाय दिसायला गावठी, पण सर्वांत भरवशाचा.

रासायनिक अँकर म्हणजे दोन घटकांची पेस्ट, जी नळीच्या टोकात मिसळत बाहेर येते. पहिले काही सेंमी एकसारख्या रंगाचे येत नाहीत. ते कागदावर टाकून द्यावेत, कारण न मिसळलेली पेस्ट कधीच कडक होत नाही. भोक फुंकावं, गोल ब्रशने घासावं, पुन्हा फुंकावं. धूळ राहिली तर पेस्ट भिंतीला न चिकटता धुळीला चिकटते. पेस्ट तळापासून भरत यावं, भोक साधारण दोन तृतीयांश भरलं की आट्यांची सळई हलक्या हाताने फिरवत घालावी. पोकळ ब्लॉकमध्ये आधी जाळीची नळी घालतात, नाहीतर सगळी पेस्ट पोकळीत सांडते. मग मात्र हात लावायचा नाही. किती वेळ, ते तापमानावर ठरतं आणि काडतुसावरच्या तक्त्यात दिलेलं असतं. थंडीत तो वेळ कित्येक पट वाढतो.

लाकडी सांगाड्यावरच्या जिप्सम भिंतीत उभे खांब शोधावे लागतात. बोर्ड ज्या स्क्रूंनी खांबाला ठोकलेला असतो ते लोहचुंबकाने सापडतात, आणि एका उभ्या रेषेत दोन-तीन सापडले की खांब मिळाला. मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बहुधा ४० किंवा ६० सेंमीच्या आसपास असतं. खांबाची तोंडाची रुंदी बहुधा ३८ मिमीच्या आसपासच असते, म्हणून बारीक खिळ्याने दोन्ही कडा टोचून मध्य काढावा. ८ मिमीच्या स्क्रूला आधी ५ ते ५.५ मिमीचं भोक, आणि लाकडात निदान ५०-६० मिमी शिरकाव. प्लग नको. सांगाडा पत्र्याचा असेल तर तो पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात आट्यांना पकड मिळत नाही. तिथे १८ मिमी प्लायची आडवी फळी तीन-चार खांबांवर पसरून बसवावी आणि ब्रॅकेट त्या फळीवर घ्यावा.

आता उंची. ब्रॅकेट कुठे लावायचा हे डोळ्यांनी ठरवू नये, उलटा हिशेब करावा. बसल्यावर डोळे जमिनीपासून किती उंच येतात ते मोजा. बहुतेक सोफ्यांवर ते १०० ते ११० सेंमी भरतं. पडद्याचा मध्य तिथे असावा, निजून पाहायचा असेल तर थोडा वर. समजा १०५ धरलं आणि ६५ इंची टीव्ही बाहेरून ८२ सेंमी उंच आहे. त्याची वरची कड १०५ अधिक ४१, म्हणजे १४६ सेंमीवर येईल. टीव्हीच्या पाठीवरची वरची दोन भोकं वरच्या कडेपासून ३८ सेंमी खाली असतील तर ती येतील १०८ वर. पाठीवर लावायच्या उभ्या पट्टीचा आकडा (हूक) त्या भोकांच्या ४ सेंमी वर असेल तर भिंतीवरच्या प्लेटची वरची कड ११२ वर, आणि प्लेटची बोल्टांची रांग त्या कडेच्या ३ सेंमी खाली असेल तर भोकं १०९ सेंमीवर. पाठीवरची भोकं पुष्कळ टीव्हींना मध्याच्या बरीच खाली असतात, त्यामुळे हा हिशेब न करता लावलेला टीव्ही हमखास हातभर वर जातो. वर छज्जा किंवा कपाट असेल तर टीव्ही अडकवताना तो दोन-तीन सेंमी उचलावा लागतो, तेवढी मोकळी जागा ठेवा.

भोकाआधी वायरी आणि नळ. लपवलेल्या वायरी सहसा स्विचबोर्डापासून सरळ उभ्या किंवा आडव्या जातात. बोर्डाच्या बरोबर वर, खाली आणि त्याच उंचीवर आडव्या पट्ट्यात ड्रिल करू नये. ‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे: कामगाराने तिरकी नेलेली वायर कुणालाच दिसत नाही. वायर शोधणारं छोटं यंत्र फिरवावं आणि तरीही ड्रिल करताना त्या खोलीचा मेन बंद करून यंत्राला दुसरीकडून वीज घ्यावी. पलीकडे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर असेल तर नळ कुठून गेलेत ते पलीकडे जाऊन पाहा.

भोक पाडण्याचा क्रम असा. चारही भोकं एकदम खुणावून पाडू नयेत. एक भोक पाडा, प्लेट त्या एका स्क्रूवर सैल टांगा, पाणसळ किंवा स्पिरिट लेव्हल वर ठेवून बुडबुडा मध्यावर आणा आणि मग बाकीच्या भोकांच्या खुणा करा. छताची किंवा फर्निचरची कड बघून लेव्हल ठरवू नका, त्याच बऱ्याचदा तिरक्या असतात. खूण केल्यावर तिथे खिळ्याच्या टोकाने छोटा खळगा करावा, म्हणजे बिट निसटत नाही. विटेत १० मिमीचं भोक थेट पाडण्यापेक्षा आधी ६ मिमीचं, हॅमर न लावता संथ वेगाने गिलावा ओलांडेपर्यंत, मग हॅमर लावून पुढे. नंतर १० मिमीचं बिट त्याच वाटेने जातं. बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळा. खोली प्लगच्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त (प्लग आत ढकलायचा असेल तर गिलाव्याची जाडीही मिळवून), कारण थोडी भुकटी तळाशी राहतेच. ड्रिल भिंतीला काटकोनात आहे का, हे बाजूला उभ्या माणसाने पाहावं. यंत्र धरणाऱ्याला डावा-उजवा तिरकेपणा कळतो, खाली-वर कळत नाही. बाहेर काढताना ड्रिल फिरतंच ठेवावं, म्हणजे भुकटी बाहेर येते.

प्लग हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसायला हवा. नुसत्या अंगठ्याने सळकन आत गेला तर भोक मोठं झालंय. त्यात काड्या, कागद, तुटक्या प्लगचे तुकडे कोंबून भागवण्याची पद्धत फार जुनी आहे आणि टीव्हीसाठी ती नकोच. लाकूड सुकतं, आकसतं. एक माप मोठा प्लग आणि स्क्रू घ्या, नाहीतर रासायनिक अँकर. स्क्रू शेवटी हातपान्याने किंवा सॉकेटने आवळावा. इम्पॅक्ट यंत्राने आवळला तर प्लग भोकातच गरगर फिरतो किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. प्लेट भिंतीला टेकून वॉशर हलेनासा झाला की आणखी पाव फेरा पुरे.

भिंतीचं काम झालं की टीव्हीची पाठ. भोकांची मांडणी वेसा या मापाने सांगतात: २०० बाय २००, ४०० बाय ४००, ६०० बाय ४०० मिमी. मोठ्या टीव्हींना एम-६ किंवा एम-८ चे स्क्रू लागतात. लांबीची परीक्षा सोपी आहे. ब्रॅकेट न लावता स्क्रू बोटांनी भोकात फिरवून तळ लागेपर्यंत घाला, बाहेर किती उरतो ते मोजा आणि एकूण लांबीतून वजा करा. ती भोकाची खोली. ब्रॅकेटची पट्टी, वॉशर आणि स्पेसर (मध्ये घालायची नळी) यांची जाडी सोडून भोकात जाणारा स्क्रूचा भाग त्यापेक्षा एक-दोन मिमी आखूडच हवा. लांब स्क्रू जोराने आवळला की तो आतल्या बोर्डावर किंवा पॅनलवर दाबतो, आणि पडद्यावर डाग दिसेपर्यंत कुणाला कळत नाही. फार आखूड असेल तर आटेच ओरबाडून निघतात. पकड निदान ८ पूर्ण फेऱ्यांची असावी. एम-८ चा एक आटा १.२५ मिमीचा, म्हणजे १० मिमी. पाठीला फुगवटा असेल तर बरोबर आलेले स्पेसर घाला, पट्टी अधांतरी ठेवून आवळू नका. हे सगळं टीव्ही पलंगावर किंवा टेबलावर, मऊ चादरीवर पालथा ठेवून करायचं. पडद्याच्या मध्ये कोपर टेकवू नये.

टीव्ही टांगण्याआधी भिंतीची परीक्षा घेणं बहुतेक लोक टाळतात आणि तीच सर्वांत स्वस्त खबरदारी आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टीव्हीच्या दुप्पट वजन होईल इतके पाण्याचे कॅन दोरीने प्लेटला टांगा. फिरता हात असेल तर तो पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला. खाली गादी ठेवा, हात-पाय बाजूला. प्लेटच्या वरच्या कडेला भिंत आणि लोखंड दोन्हींवर पेन्सिलीची एकच रेघ मारा आणि अर्धा तास थांबा. रेघ तुटली नसेल आणि वरच्या कडेच्या फटीत पोस्टकार्ड शिरत नसेल, तर भिंत पास.

उचलायला दोघं लागतात, ७५ इंचापुढे तिघं. पकड खालच्या कडेला आणि पाठीवर, बोटं पडद्यावर नकोत. वायरी आधीच टीव्हीला जोडून ठेवा, कारण सपाट ब्रॅकेटवर नंतर हात आत जात नाही. एचडीएमआयची केबल भिंतीकडे सरळ निघत असेल तर काटकोनी जोड लावा. ती दुमडली की टीव्हीचं सॉकेट सैल होतं. टीव्हीची वीजवायर गिलाव्यात पुरू नये. ती त्यासाठी बनवलेली नसते. टीव्हीमागे वेगळा सॉकेट पॉइंट करून घ्यावा. फिरत्या हाताला वायरींत ढील ठेवा आणि हात पूर्ण उघडून-मिटून कुठे चिमटतेय का ते पाहा.

टीव्ही अडकवला की आधी वरचे आकडे प्लेटवर बसलेत का ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहा. एका बाजूचा बसलेला आणि दुसऱ्या बाजूचा नुसता टेकलेला, असं होतं. मग खालचे लॉक, म्हणजे सुरक्षा स्क्रू किंवा खटका. हे राहून गेलेले असंख्य टीव्ही भिंतींवर आहेत. धूळ पुसताना खालून धक्का लागला की असा टीव्ही आकड्यातून उचकटतो. पहिल्या आठवड्यानंतर आणि मग वर्षातून एकदा बॅटरीच्या उजेडात पेन्सिलीची रेघ तपासा. ती सरकलेली दिसली तर स्क्रू पुन्हा आवळून उपयोग नाही, प्लग सुटायला लागलाय. त्याच दिवशी टीव्ही उतरवा आणि नवं भोक घ्या.